अकेचने दिलेले दहा दिवस

पांगानी, टांझानिया
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५
सकाळचे साडेनऊ

प्रिय म्बिथेताई,

क्यालोचा नमस्कार. तू, भाऊजी आणि छोटी सगळी बरी असाल असं धरून चालतो. छोटीचा खोकला थांबला का? मी ठीक आहे. अंगाने जरा भरलोय, कारण इथे नारळाच्या दुधाशिवाय चुलीवर काही चढतच नाही.

हे पत्र खरं तर मंगळवारीच लिहायला हवं होतं. ओगोलाकाकांचा फोन सोमवारी संध्याकाळी आला. म्हणाले, म्बिथे तुझा फोन घेणार नाही, मेसेज वाचणार नाही, जे झालं ते हाताने लिही, खाली सही कर आणि बसने पाठव. पुढच्या सोमवारी कंपनीत वाकेशोबाईंनी बैठक लावली आहे, त्याच्या आत पोचलं पाहिजे. मी हो म्हटलं. मंगळवारी वही आणायला निघालो तर नदीवरची फेरीबोट सुटत होती. मला पलीकडे काही काम नव्हतं, पण काही सुटताना दिसलं की माझे पाय आपोआप चालायला लागतात, तुला माहीत आहे. पलीकडे एका बोटीची फळी जाळावर धरून वाकवत होते. ते बघता बघता संध्याकाळ झाली. बुधवारी वही आणली, दोन ओळी लिहिल्या, पान फाडलं. कालही तेच. आज दोन वाजताच्या बसने हे पाकीट निघालं तर उद्या मोंबासा, परवा नैरोबी. नाही निघालं तर तू बैठकीत रिकाम्या हाताने बसशील. म्हणून आता खोलीचं दार लावून घेतलंय आणि चपला दाराबाहेर ठेवल्यात, म्हणजे उठावंसं वाटलं तरी दोन पावलांचा विचार करावा लागेल.

आधी सोपं ते सांगतो. मी वोटेला आईकडे नाही. एक ऑगस्टपासून मी कंपनीला सांगत होतो की आईकडे राहून फोन घेतोय. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिच्यावर चिडू नकोस. तू तिला फोन करून "क्यालोला दे" म्हणालीस, तेव्हा ती बिचारी तुलाच विचारत बसली होती म्हणे, की कुठला क्यालो, तो तर जूनपासून इकडे फिरकलाही नाही. मी इथेच होतो. सहा जुलैपासून इथेच आहे.

पकडला कसा गेलो ते काकांनी तुला सांगितलंय का? मला वाटतं ते तुला हसू येईल म्हणून सांगणार नाहीत, आणि तू सध्या हसायच्या मनःस्थितीत नसशील. तरी सांगतो. काकांचं कामच ते, रोज आमचे वीस-पंचवीस कॉल कानाला लावून तपासतात. त्यांना समुद्र ऐकू आला नाही, बांग ऐकू आली नाही. मी खिडक्या लावून, डोक्यावरून चादर घेऊन बोलायचो. त्यांना ऐकू आलं ते हे, की मी गोड बोलतोय. नैरोबीच्या ऑफिसात सौरदिव्यांच्या तक्रारी घेताना आपण कसं बोलतो? दिवा लागत नाही? नंबर सांगा. लाल बटण दाबा. लागला? बरं. इथे असं बोललं तर लोक तुझ्याकडे, याला ताप आहे का, असं बघतात. दुकानात मीठ मागायचं तरी आधी सकाळ कशी उगवली, घरची कशी आहेत, काल वारा होता त्यात छप्पर टिकलं ना, आणि मग त्रासाबद्दल माफी मागून मीठ. पहिले आठ दिवस माझा जीव जायचा. मग ते जिभेवर बसलं. मला कळलंच नाही कधी. मुतोमोहून एखादी बाई सौरदिवा बंद पडला म्हणून फोन करायची आणि मी तिला विचारायचो, आई, रात्र कशी गेली, मुलं अंधारात घाबरली नाहीत ना. माझा तीन मिनिटांचा कॉल अकरा मिनिटांवर गेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दिवा लागल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, फक्त माझी तब्येत विचारायला.

सोमवारी सकाळी काका मला म्हणाले, "वोटेत आईच्या हातचं खाणारा कांबा जमातीचा पोरगा दिवा विझलेल्या माणसाची माफी मागतो? तुझ्या आईने तुला इतकं वळण लावलं असतं तर मी तिला शाबासकी द्यायला स्वतः गेलो असतो. कुठल्या किनाऱ्यावर आहेस ते सांग."

मी सांगितलं. काकांशी खोटं बोलता येत नाही, आयुष्यभर रेडिओवर बसून त्यांनी माणसं आवाजावरून ओळखली आहेत. त्यांनी वाकेशोबाईंना कळवलं, बाईंनी त्याच दिवशी माझी लाइन बंद केली आणि तुला बोलावून घेतलं. इथवर तुला माहीत आहेच.

आता दिवसांचं. तू गेल्या वर्षी हा नियम मंजूर करून घेतलास तेव्हा मी कामाला नवीन होतो, पण त्या बैठकीची गोष्ट अजून चहाच्या वेळी निघते. बाईंना प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये असं काहीतरी बसवायचं होतं की माणूस कुठे बसलाय ते त्यांना पडद्यावर दिसावं. आणि तू म्हणालीस, माणूस कुठे आहे ते माणसाला विचारा, त्याच्या यंत्राला विचारू नका. वर्षातले तीस दिवस परदेशातून काम करायची मुभा. आधी कळवायचं, देश सांगायचा, पत्ता सांगायचा, विम्याचा कागद घ्यायचा, गिऱ्हाइकाशी बोलताना दार बंद ठेवायचं. बस. बाकी विश्वास. चाळीस माणसांनी वर्षभर तो पाळला. एकेचाळिसावा मी.

मी मुद्दाम सुरुवात केली नाही, ताई, एवढं खरं मान. मार्चमध्ये मी युगांडात जिंजाला गेलो होतो तेव्हा तुला पत्ता कळवला होता की नाही? चौदा दिवस होतो. पण ते दिवस तू तीसमधून कापशील असं माझ्या डोक्यातही आलं नाही. साधं ओळखपत्र दाखवून सीमा ओलांडली, पासपोर्ट घरी कपाटात. पलीकडे तीच भाजी, तीच चपाती, बसमध्ये तीच गाणी. ज्या देशात पासपोर्ट लागत नाही तो परदेश कसला? तर मी इथे आलो तो तीस दिवस हातात आहेत अशा थाटात. सोळाव्या दिवशी तुझ्या विभागाचा मेसेज आला, आपले दिवस आज संपत आहेत. मी तीनदा मोजले. हसू नकोस, मोजता येत नाही म्हणून नाही, जिंजा त्यात धरायचं हे पटेना म्हणून.

आणि मला जायचं नव्हतं.

इथे मुसामिस्त्री म्हणून एक बोटवाले आहेत. नदीच्या तोंडाशी झाडाखाली त्यांचं काम चालतं. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून भरतात आणि वरून मासळीचं तेल माखतात. सकाळी सहा ते नऊ मी त्यांच्याकडे कापूस वळत असे आणि मग येऊन फोनवर बसत असे. आयुष्यात पहिल्यांदा, ताई, मी एका जागी बसून एक गोष्ट पुरी होताना पाहत होतो. म्हणजे पुरी होईल असं वाटत होतं. अजून झालेली नाही. मुसामिस्त्रींचा शेरा आहे, "तू कापूस बरा भरतोस, पण मध्येच उठून समुद्र बघायला जातोस. समुद्र कुठे जात नाही, बाबा. फट मात्र उघडी राहते." प्रवासात जन्मलो म्हणून आईने नाव क्यालो, म्हणजे प्रवास, असं ठेवलं, तेव्हापासून पायाला भिंगरी ती भिंगरीच, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, माझं नाव समुद्र दुभंगणाऱ्या मुसा पैगंबराचं आहे, म्हणून मी समुद्र दुभंगत बसलो नाही.

हे काय लिहीत बसलो. साडेदहा झाले.

म्वानाशामावशींच्या घरात मी राहतो. त्या पाहुण्यांची वही ठेवतात, सरकारी नियमच आहे. येण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं होतं: फिरणं. पंधरा दिवसांनी त्या वही घेऊन माझ्या दारात आल्या. आधी रात्र कशी गेली, मच्छरदाणी फाटली तर नाही ना, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "बाळा, तू दिवसभर दार लावून लोकांना दिवे लावायला शिकवतोस. हे फिरणं आहे का? परवान्याचे साहेब आले आणि मला विचारलं, तर मी काय सांगू? मी रोजे ठेवणारी बाई आहे, माझ्या वहीत खोटं नको."

मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, मी कुठेतरी बसून काहीतरी करतो, ते फक्त माझं माझ्यापुरतं राहत नाही. मावशींच्या वहीत उमटतं. तुझ्या कागदात उमटतं. इथे काम करायचा परवाना माझ्याकडे नाही. उद्या मला धरलं तर त्यांना दंड आणि कंपनीला उत्तर द्यावं लागणार. मला वाटायचं कंपनी उगाच पत्ता मागते, जसं वर्गात मास्तर उगाच हजेरी घ्यायचे. ती हजेरीही मी फार दिवस दिली नाही, ते सोड.

तर सोळा दिवसांनी दिवस संपले, आणि मग मला आणखी दहा मिळाले. ते तुला ठाऊक आहे, कागद तुझ्याकडूनच गेला. त्यातच सगळं आहे, आणि त्यावरच मी सकाळपासून येत नाहीये. चहा घेऊन येतो.

*

घेतला. मावशींनी बरोबर तळलेल्या गोड मंदाझी दिल्या, दोन खाल्ल्या. आता लिहितो.

तू नियमात एक कलम घातलं होतंस. कुणाच्या घरी आजारपण असेल आणि त्याचे दिवस संपले असतील, तर दुसरा कुणी आपले शिल्लक दिवस त्याला देऊ शकतो. बाईंना ते पटलं नव्हतं, तू हट्टाने ठेवलंस असं ऐकलं. तुझं ते कलम मी वापरलं.

अकेचला तू ओळखतेस, माझ्या शेजारच्या टेबलावरची. तिची चार वर्षांची आवोर टोरोरोला आजीकडे असते, सीमेच्या पलीकडे, युगांडात. अकेच नैरोबीत एका खोलीत भाड्याने राहते आणि तिचे तीस दिवस ती भाकरी मोडावी तशी मोडून खाते. महिन्याला दोन दिवस, अडीच दिवस, सासूच्या घरी बसून फोन घेते, मांडीवर पोर. तिने वर्षअखेरीसाठी दहा बाजूला ठेवले होते. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनची तारीख लागली की पोरीजवळ कुणीतरी हवं.

मी तिला फोन केला तो नुसता कुरकुर करायला. जिंजाचे दिवस कसे कापले, म्बिथेताई सख्खी बहीण असून कशी सोडत नाही, वगैरे. ती म्हणाली, मग ये की परत, इथे तुझ्या टेबलावर लोकांनी कप ठेवायला सुरुवात केली आहे. तर मी म्हटलं, येता येत नाही, इथे मामा आजारी आहेत.

मी ठरवून म्हटलं नाही. पण तोंडातून निघाल्यावर परतही घेतलं नाही.

तिने विचारलं, "त्यांच्याजवळ दुसरं कुणी आहे?"

मी म्हटलं, "मीच आहे."

"मग तू निघायचं नाहीस," अकेच म्हणाली. "माझे दहा घे. सासूबाईंची तारीख अजून लागलेली नाही, लागेल तेव्हा बघू. माणूस पडून आहे, ते आधी."

तेव्हा सांगायला हवं होतं. फोन ठेवायच्या आत. मी "तुझे उपकार कसे फेडू" म्हणालो, आणि ती म्हणाली, उपकार कसले, मामांना गरम पाणी देत जा.

नंतर ती दर दोन दिवसांनी विचारायची. आधी मी ताप सांगितला. ताप उतरेना असं सांगितल्यावर तिने कसलीशी पाल्याची वाफ सांगितली, म्हणून मी पायावर सूज आल्याचं सांगितलं. मग एके दिवशी त्यांनी थोडी पेज घेतली. मामांना रेडिओवरचे सामने आवडतात, गोड चालत नाही, रात्री एकटं झोपायला घाबरतात. ताई, मी एक अख्खा माणूस तयार केला. एकदा तिने विचारलं की मामा माझं नाव घेतात का, म्हणजे तिचं, आणि मी म्हटलं, हो, ती दहा दिवस देणारी मुलगी कशी आहे म्हणून विचारतात. ती हसली. मी फोन ठेवला आणि नदीवर जाऊन तीन वेळा फेरीने इकडून तिकडे केलं. दहा दिवस संपले तेव्हा मामांना बरं करायची सोय नव्हती, कारण बरे झाले तर मी परत का जात नाही? आणि मारायचा धीर झाला नाही. म्हणून मी तुम्हा सगळ्यांना वोटे सांगितलं आणि तिला एकटीला सांगितलं की कंपनीला बोलू नकोस, मामांजवळच आहे. म्हणजे तिलाही माझ्या लबाडीत ओढलं, आणि ते तिला चांगलं काम वाटलं.

सोमवारी काकांनी जाता जाता सांगितलं, सासूची तारीख लागली. पंचवीस ऑगस्ट. येता सोमवार, तुझ्या बैठकीचाच दिवस. अकेचकडे एकही दिवस उरलेला नाही. ती आवोरला टोरोरोहून उचलून मोंबासाला आपल्या बहिणीकडे ठेवायला नेणार आहे, म्हणजे म्हातारी डोळ्यांवर पट्टी बांधून एकटी आणि पोर अनोळखी घरात. हे ऐकल्यावर मी ती दोन ओळींची पानं फाडली, ताई. वहीचा प्रश्न नव्हता.

आता तुझ्या-माझ्यातलं. ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटी नाही लिहिलं तर लिहीतच नाही.

दिवस घेण्याच्या कागदावर कारणाच्या जागी मी लिहिलं: मामांचं आजारपण, मुक्काम पांगानी. खाली तुझी सही आहे. आपल्याला मामा एकच. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या कबरीवर तूही माती टाकलीस, मी तुझ्या शेजारी उभा होतो. पांगानीत आपलं कुणी कधी नव्हतं. तर मी गेले चार दिवस हेच विचारतोय स्वतःला, की तू तो कागद वाचून सही केलीस की न वाचता?

न वाचता केली असशील तर बैठकीत तसं सांग. ढिगातला एक कागद होता, माणूस चुकतो.

वाचून केली असशील तर मला ठाऊक आहे का केलीस. शाळा सोडून मी मचाकोसला ट्रकवाल्यांबरोबर पळालो तेव्हा बाबांना तू सांगितलंस, चर्चच्या गायकांबरोबर गेलाय. या नोकरीसाठी माझं शिक्षण विचारलं तेव्हा तू म्हणालीस, मुलगा बोलायला चांगला आहे, बाकी मी बघते. तू बघत आलीस. आणि खरं हे आहे, ताई, की तो शब्द लिहिताना माझ्या मनात हेच होतं. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर तो कागद जाणार असता तर मी मामा लिहिलंच नसतं. मी तुझ्या भरवशावर खोटं लिहिलं. चूक माझ्या हातून झाली असं म्हणता येत नाही. मी तुझा हात वापरला.

बाई आता काय म्हणणार तेही काकांनी सांगितलं. म्हणणार, म्बिथे, तू माणसाला विचारा म्हणालीस, आम्ही विचारलं, आणि तुझ्याच भावाने हे उत्तर दिलं. तीस दिवस बंद, नाहीतर सगळ्यांच्या यंत्रात डोळे. आणि बहिणीने भावाच्या कागदावर सही केली, तिच्याकडे हा विभाग ठेवावा का.

त्यासाठी सोबत वेगळ्या पानावर माझा जबाब आहे. तो सरळ बाईंच्या हातात दे, आधी वाचलास तरी चालेल, बदलू नकोस. त्यात लिहिलंय: मामा नाहीत. अकेचला मी फसवलं, तिने आजारी माणूस आहे असं समजून दिवस दिले. एक ऑगस्टपासून मी वोटेला नव्हतो. म्बिथे न्झिओका यांनी माझ्या कागदावर सही केली ती मी कारण खोटं दिल्यामुळे. त्यांनी ते तपासायला हवं होतं की नव्हतं ते त्या स्वतः सांगतील, मी त्यांच्या वतीने काही बोलत नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. तुला पुन्हा झाकणं सोपं होतं, उलटं का असेना. पण मग आपण दोघंही तिथेच राहतो.

नोकरी सोडतो असंही लिहिलंय. बाईंनी काढून टाकायची वाट बघत नाही. आणि अकेचचे दहा दिवस तिला परत द्यावेत, ते दिले गेले असं धरूच नये, कारण ज्या माणसासाठी दिले तो माणूसच नव्हता.

खाली बाईंना दोन गोष्टी आगाऊपणाने लिहिल्या आहेत. शिकलेला नाही, पण नियम मोडणाऱ्याला तो कुठे मोडतो ते नीट कळतं. एक म्हणजे, माणूस सीमेपलीकडे जायच्या आधी कुणीतरी समोर बसवून त्याच्याशी दहा मिनिटं बोलावं. कुठला देश धरतात, कुठला धरत नाहीत, तिथे काम करायला परवाना लागतो का, घरमालकिणीच्या वहीत काय लिहायचं. मला मेसेज आला होता, मी वाचला नाही. बोलले असते तर जिंजा तिथेच निघालं असतं. आणि दर आठवड्याला एक फोन, कुठे आहेस विचारायला नाही, कसा आहेस विचारायला. मला एकदा जरी कुणी इथल्यासारखं विचारलं असतं, रात्र कशी गेली, जेवलास का, कुणाबरोबर राहतोस, तर तिसऱ्या प्रश्नाला मी अडकलो असतो. पडद्यावरच्या ठिपक्याला फसवता येतं, ताई, ते पोरं आठवड्यात शिकतील. आपुलकीने विचारणाऱ्या माणसाला रोज फसवायचं तर जिवावर येतं. हे मी अकेचमुळे सांगतोय.

दुसरं म्हणजे, सख्ख्या नातेवाइकाचा कागद सख्ख्याच्या टेबलावर जाऊ नये. याचं कारण लिहिलं नाही.

एक वाजत आला. पाकीट बंद करायच्या आधी एकच मागणं. अकेचला तू सांग. बाईंनी बैठकीत सांगायच्या आधी, तिला बाहेर चहाला नेऊन, तू सांग. तुझ्याकडून ऐकलं तर तिला कमी लागेल. मला तोंड नाही. मी तिला ते मामा इतके खरे करून दिलेत की आता ते नाहीत म्हणताना मला कुणाचा तरी मृत्यू सांगायचाय असं वाटतं, आणि मी

*

ताई, एक वाजून दहा. मावशींनी दार वाजवलं, म्हणून वाक्य तसंच राहिलं. त्या दारात उभ्या राहून, आज पहिल्यांदा काहीही न विचारता, म्हणाल्या, "बाहेर एक बाई आली आहे. केनियाची दिसते, मोंबासाच्या गाडीने आली. कडेवर झोपलेली पोर आहे आणि हातात संत्र्यांची पिशवी. विचारतेय, आजारी मामांना कुठल्या खोलीत ठेवलंय."

मी पेन वहीवर ठेवलं.

"कुठले मामा?" मावशींनी विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मी तिला पाणी दिलंय. बाकी काही बोलले नाही. ते तू बोल."

तिला बैठकीचं काही ठाऊक नाही. मोंबासापर्यंत आलेच आहे तर आजाऱ्याला भेटून जावं, म्हणून ती सीमा ओलांडून आली आहे. पत्ता तिला मीच दिला होता. तिचा आवाज इथवर येतोय, मावशींच्या नातीला विचारतेय, मामा झोपले आहेत का, झोपले असतील तर उठवू नका, मी थांबते.

वर लिहिलंय की अकेचला तू सांग. ते मी खोडलं आहे, शाई फुटलीय बघ. जबाब आत आहे, त्यातला शब्द बदललेला नाही. पाकीट मावशी बसवर देतील, मी दोनच्या बसपर्यंत बाहेर पडू शकेन असं वाटत नाही.

चपला दाराबाहेर आहेत. तशाच राहू देतो, अनवाणी जातो.

तुझी सही वापरलेला,
आणि आता स्वतःची खाली करणारा,
तुझा धाकटा
क्यालो